आत्याबाईंच्या नावाची ट्यूब

बदनापूर,
संक्रांतीच्या करीचा दिवस
(करीच्या दिवशी कुणाला काही शुभ कळवू नये म्हणतात, म्हणून हे पत्र मी उद्या लिहिलं असं समजावं.)

तीर्थस्वरूप आत्याबाईंच्या चरणी, धाकट्या भावाच्या सुनेचा, म्हणजे तृप्तीचा, तिळगुळासकट वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. नानांचा खोकला उतरला, आईंचं पथ्य चालू आहे (म्हणजे पथ्याबद्दल बोलणं चालू आहे), आणि अंगद रोज वेळेवर संशोधन केंद्रात जाऊन वेळेआधी घरी येतात. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? थंडी पडली की तो बोलायला लागतो, असं तुम्ही मागे म्हणाला होता. आमच्याकडेही यंदा थंडीने बऱ्याच जणांना बोलायला लावलं, त्याचीच ही हकीकत आहे. फोन का केला नाही असं विचाराल. आत्याबाई, राग मानू नका, पण तुम्ही फोन कायम स्पीकरवर ठेवता, आणि तुमच्या खिडकीखाली निम्मं मस्तगड उन्हाला बसलेलं असतं. मागे मी आईंच्या पथ्याबद्दल एक शब्द बोलले, तर तुमच्या गल्लीतल्या किराणावाल्याने अंगदना गाठून विचारलं की आईंना आता लोणचं चालतं का. म्हणून पत्र.

आधी चांगली बातमी, म्हणजे तुमचा रक्तदाब जागेवर राहील. तुमच्या नातीच्या लग्नाच्या सगळ्या साड्या फॉल-पिको करून अंगदच्या हाती पाठवल्या, त्या पोचल्याच असतील. विहीणबाईंच्या मानाची वांगी रंगाची साडीही त्यातच आहे आणि तिला फॉलही वांगी रंगाचाच आहे. हे वाक्य तुम्हाला विनाकारण लिहिल्यासारखं वाटेल. पण ते लिहिताना माझा जीव कसा भांड्यात पडला, ते पुढे वाचल्यावर कळेल.

आमचं गॅरेज तुम्हाला ठाऊकच आहे. नानांनी घर बांधलं तेव्हा गाडी येणार म्हणून गॅरेज आधी बांधलं, आणि गाडी अजून यायची आहे. वर पत्रे, समोर स्टेशनच्या बाजूला तोंड केलेलं शटर, आणि ते शटर जमिनीपासून वीतभर वरच अडतं, त्यामुळे रेल्वेरुळांवरून निघालेलं वारं थेट माझ्या पायाशी येऊन बसतं. त्या जागेत मी फॉल-पिकोचं मशीन मांडायचं म्हटलं तेव्हा नाना फार खुशीत नव्हते. त्यांचे मित्र राधेश्यामजी सरकीची पेंड ठेवायला गोदाम शोधत होते आणि आमच्या गॅरेजवर त्यांचा डोळा होता. शेवटी नाना म्हणाले, संक्रांतीपर्यंत बघू, चाललं तर चाललं, नाही तर पेंड. म्हणजे माझ्या मशीनच्या एका बाजूला दोरा आणि दुसऱ्या बाजूला सरकीची पेंड, अशा बेतात मी दिवाळीपासून बसले होते. मला ती जागा किती हवी होती हे मी घरात कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. लग्न झाल्यापासून दार लावून घेतल्यावर माझी म्हणता येईल अशी ती एकच जागा होती, भले ते दार वीतभर उघडं का राहीना.

उद्घाटनाला तुम्ही स्वतः जालन्याहून आलात आणि आहेर म्हणून ट्यूब आणलीत. लोक साडी-चोळी आणतात, घड्याळ आणतात. तुम्ही उजेड आणलात, याचं मला खरंच फार अप्रूप वाटलं. त्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, ‘सप्रेम भेट, कै. रंगनाथराव यांच्या स्मरणार्थ, श्रीमती साळूबाई, मस्तगड, जालना’. देवळातल्या पंख्यावर असतं तसंच, फक्त पंख्याची पाती रुंद असतात आणि ट्यूबला अंग कमी. मजकूर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता, त्यामुळे उजेडाला बाहेर पडायला अक्षरांच्या फटी तेवढ्या उरल्या होत्या. (सुरुवातीला ‘मारुती मंदिरास’ असं काहीतरी खरवडल्यासारखं दिसतं. मंदिरात नवे एलईडी दिवे बसल्याचं मी ऐकलं आहे. मी कुणाला काही बोलले नाही, तुम्हीही बोलू नका.)

कार्तिकात ती ट्यूब बरी चालली. मार्गशीर्ष लागला, थंडी पडली, आणि तिने असहकार सुरू केला. सकाळी बटण दाबलं की दोन्ही टोकं निखाऱ्यासारखी लाल व्हायची, मधे अंधार, आणि स्टार्टरची टिकटिक. मधेच भपकन उजेड पडायचा आणि मी सुईत दोरा घालायच्या आत जायचा. उन्हं वर येऊन पत्रे तापले की मात्र ती लख्ख लागायची. म्हणजे सूर्य असला की ट्यूब, आणि ट्यूब असली की सूर्य. दुपारी दोघेही हजर, सकाळी दोघेही गैरहजर, आणि माझं गिऱ्हाईक सकाळचं.

त्यानंतर या घरात जो तो ट्यूबचा डॉक्टर झाला. अंगदनी संशोधन केंद्रातला थर्मामीटर आणून भिंतीला लावला. बियाणं रुजायला जशी ऊब लागते तशी ट्यूबलाही लागते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन तापमान वहीत न लिहिता मोठ्याने वाचून दाखवायचे. त्याने ट्यूबला काही फरक पडला नाही, मला मात्र जास्त थंडी वाजायची. नानांचं निदान एका शब्दाचं होतं, आकसली. त्यांनी शटरखालच्या फटीत गोणपाट कोंबलं, ते खरंच चांगलं केलं. मग आईंनी शेगडी पेटवून ट्यूबखाली आणून ठेवली. ट्यूब लागली, हेही सांगायला हवं, पण गॅरेजमधल्या सगळ्या साड्यांना धुराचा वास लागला आणि एका बाईंनी मला विचारलं की तुम्ही साड्या हुरड्याला घेऊन गेल्ता काय.

मग इजहारला बोलावलं. इजहार हा आमच्या ओळीतला वायरमन. हात चांगला आहे, पण तोंड त्याहून जास्त चालतं. तो शिडीवर चढला की आधी त्याने जालन्यात कुठल्या कुठल्या बंगल्यांची वायरिंग केली ते ऐकावं लागतं, मग तो स्क्रू काढतो. आधी त्याने स्टार्टर बदलला. दोन दिवस बरे गेले. मग चोक बदलला. मग होल्डर. मग अख्खी पट्टी. मग भिंतीतली वायर ओढून नवी घातली. सकाळी आसपासच्या वावरांतल्या मोटारी एकदम चालू होतात म्हणून व्होल्टेज पडतं, असं म्हणून त्याने त्यावरही काहीतरी उपाय केला. थोडक्यात, आत्याबाई, त्या गॅरेजमध्ये विजेचं म्हणून जे जे होतं ते सगळं नवं झालं, एक ट्यूब सोडून. कारण इजहारचा हात ट्यूबकडे गेला रे गेला की खाली खुर्चीत बसलेले नाना ओरडायचे, “तिला हात लावू नको, दाजींचं नाव हाय तिच्यावर.” एकदा तो फारच कावला. म्हणाला, “नाना, चोक बदलला, स्टार्टर बदलला, पट्टी बदलली. आता एक तर ट्यूब बदलू द्या, न्हाई तर वायरमन बदला.” नानांनी वायरमन बदलायची तयारी दाखवली, तेव्हा तो शिडीवरून खाली उतरून चहा प्यायला बसला.

जाता जाता मात्र त्याने एक युक्ती सांगितली. थंडीत ट्यूब अडली की तिच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवायचा, बऱ्याचदा ती पेटते. त्याचं शास्त्रही त्याने सांगितलं, पण त्यात जालन्यातला एक बंगला आला आणि मग मी ऐकणं सोडलं. हे काम नानांनी अंगावर घेतलं. आपल्या मेहुण्याच्या नावावरून परक्याचा हात कशाला फिरवायचा, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हापासून रोज सकाळी नाना कानटोपी घालून गॅरेजमध्ये यायचे, स्टुलावर चढायचे आणि ट्यूबवरून हात फिरवत म्हणायचे, “उठा दाजी, उजाडून राह्यलं.” हात ‘सप्रेम’वरून निघायचा, आणि ‘स्मरणार्थ’पाशी आला की ट्यूब पेटायची. आधी पेटली तर नाना खूश, ‘जालना’पर्यंत जाऊनही पेटली नाही तर परत पहिल्यापासून. (दाजी हयात असतानाही उन्हं वर आल्याशिवाय उठायचे नाहीत, असं नाना म्हणतात. मी नाही म्हणत. मी त्यांना पाहिलंही नाही.) पेटल्यावरही ते लगेच खाली उतरायचे नाहीत. एक हात ट्यूबला टेकवून स्टुलावरच उभे राहायचे आणि दाजींना बातम्या द्यायचे. अंबडकडे पाणी कसं आहे, कोणाच्या पोराचं कुठे जमलं, सकाळची गाडी कशी रोज उशिरा येते. एकदा म्हणाले, “तुम्ही गेल्यापासून पत्त्यात चौथा भिडू भेटंना झालाय, दाजी.” मी मशीनवर मान खाली घालून बसायचे. मशीन चालवायचे नाही, आवाजात काही ऐकू आलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. संक्रांत जवळ आली आणि माझ्याकडे काळ्या साड्यांची रीघ लागली. वर्षभर काळ्याला नाक मुरडणाऱ्या बायका या एका सणाला काळ्या चंद्रकळेशिवाय ऐकत नाहीत. टेबलावर काळ्या साड्या, काळे फॉल, काळे दोरे, सगळीकडे काळंच काळं. त्या ढिगात गिरिजाबाईंच्या नव्या सुनेची पहिल्या संक्रांतीची साडी होती (गिरिजाबाई म्हणजे आमच्या पलीकडच्या, ज्यांचं बोलणं सकाळच्या गाडीने जालन्याला जातं), आणि त्याच ढिगात तुमच्या विहीणबाईंची वांगी रंगाची साडी. ट्यूबचा उजेड तेव्हा अर्धा तिच्या लाल टोकांचा आणि अर्धा तुमच्या लाल अक्षरांचा. त्यात गडद वांगी आणि काळा यांत देवालाही फरक कळला नसता. मला तर नाहीच कळला.

साड्या घडी करून एका सकाळी मी ओट्यावर आणल्या. नाना बसले होते. राधेश्यामजीही आले होते, हातात टेप घेऊन, नुसतं सहज म्हणून शटरची रुंदी मोजत होते. गिरिजाबाई सुनेची साडी न्यायला उभ्या होत्या. मी उन्हात साडी उलगडून काठ उलटा केला. वांगी साडी, आणि आतून काळा कुळकुळीत फॉल. लग्नात विहिणीच्या मानाच्या साडीला काळा फॉल! आणि विहीण कोण, तर जी आधी साडी उलटी करून बघते आणि मग सुलटी, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. गिरिजाबाईंच्या सुनेच्या साडीला अर्थातच वांगी फॉल लागला होता. त्यांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्या साडीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सकाळच्या गाडीची वेळ दिसली. राधेश्यामजींनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. मोजायचं आता काही राहिलं नाही, असा तो खिसा होता.

मला वाटलं, संपलं. संक्रांत तोंडावर, आणि नानांच्या डोळ्यांसमोर हे असं. मी रडले, खोटं कशाला सांगू. रडत रडत म्हणाले की नाना, मला दिसत नाही हो तिथे, मला खरंच दिसत नाही. नाना उठले, गॅरेजमध्ये गेले, स्टूल ओढलं. आम्ही सगळे शटरपाशी जाऊन उभे राहिलो. त्यांनी ट्यूबवरून एकदा नेहमीसारखा हात फिरवला आणि म्हणाले, “दाजी, आता उतरा खाली. पोरीला दिसंना झालंय.” मग त्यांनीच ती फिरवून होल्डरमधून सोडवली आणि लेकरू घ्यावं तशी दोन्ही हातांवर घेऊन खाली आले. बाहेर येऊन राधेश्यामजींना म्हणाले, “पेंडीला दुसरीकडं बघा. आमचं गॅरेज काही रिकामं न्हाई.” एवढंच. आत्याबाई, मी नानांच्या पाया इतक्या मनापासून कधी पडले नव्हते. ते म्हणाले, आधी टाके उसव.

इजहारने दुपारी नवी एलईडी ट्यूब लावली. बटण दाबलं की लागते, टिकटिक नाही, लाल टोकं नाहीत. (ट्यूबची टोकं आतून काळी पडली होती, वर थंडी आणि त्यात कमी व्होल्टेज, तिन्ही मिळून हे झालं, असा त्याचा निकाल. म्हणजे अंगदही बरोबर, नानाही बरोबर आणि इजहार तर जन्मजात बरोबर, त्यामुळे घरात सगळे खूश आहेत.) त्या उजेडात मी दोन्ही साड्यांचे फॉल उसवले, अदलाबदल केली, आणि प्रत्येक साडी दारात उन्हाला धरून पाहिली. गिरिजाबाईंची सून काल काळ्या साडीत, हलव्याचे दागिने घालून झकास दिसली. तुमची साडी आता आतून-बाहेरून वांगी आहे, विहीणबाईंनी भिंग लावून पाहावी. गॅरेज माझं राहिलं. दिवाळीपासून छातीवर बसलेली ती पेंडीची पोती कुणीतरी उतरवून नेल्यासारखं वाटतं आहे. हे सगळं गिरिजाबाईंकडून तुमच्यापर्यंत पोचण्याआधी माझ्याकडून पोचावं, एवढ्यासाठी हा प्रपंच.

तुमची ट्यूब सुखरूप आहे. नानांच्या जुन्या धोतरात गुंडाळून मानाने ठेवली आहे, तिची काळजी नसावी.

गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावावं. लग्नाला आम्ही सगळे येतोच. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना तिळगूळ.

तुमची सून,
तृप्ती

ता. क. विहीणबाईंच्या साडीच्या काठावर आधीच्या टाक्यांची बारीक भोकं राहिली आहेत. नीट इस्त्री केली तर दिसत नाहीत. तरी ओटी भरताना पदर वर येईल आणि काठ खाली राहील अशी घडी घालावी, आणि उजेडाकडे पाठ करून द्यावी. भिंगाचं मी वर उगाच लिहिलं.

ता. क. २. ट्यूब सुखरूप आहे, हे वाक्य मला नानांनी सांगून लिहायला लावलं. ती फुटली. नवी ट्यूब लागल्यावर नाना रोज सकाळी जुनी धोतरातून काढायचे, ओट्यावर उन्हात मांडीवर घ्यायचे आणि पुसत बसायचे. काल तिळगूळ घ्यायला कुणीतरी आलं, नाना उठले, आणि ती मांडीवरून गेली. आतमध्ये पारा असतो म्हणून अंगदनी सगळ्यांना लांब हाकललं, झाडू लावू दिला नाही आणि पुठ्ठ्याने काचा भरल्या. ‘स्मरणार्थ’ एवढा तुकडा अखंड राहिला होता, तोही नानांना ठेवू दिला नाही. नाना मला एवढंच म्हणाले, “अक्काला कळू देऊ नको.” ते तुमच्यापुढे अजून धाकटेच आहेत. तेव्हा तुम्हाला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका.

ता. क. ३. खरं काम हे होतं. आज सकाळी नाना कानटोपी घालून गॅरेजमध्ये आले, स्टूल ओढलं, वर लख्ख लागलेल्या ट्यूबकडे पाहिलं, आणि स्टूल परत जागेवर ठेवून गेले. नव्या ट्यूबवर दाजींचं नाव घालून घेऊ, असं इजहार म्हणाला, तर नाना म्हणाले, बटण दाबल्याबरोबर पेटायला दाजी काही तसे नव्हते. घरात बोलायला आम्ही आहोत, आत्याबाई, पण नानांच्या बरोबरीचं कुणी नाही. तेव्हा लग्नाला येऊ तेव्हा दाजींच्या नावाची दुसरी एक ट्यूब तयार ठेवा. नाव तेवढंच ठळक, ‘स्मरणार्थ’ बरोबर मध्ये. मी ती नव्या दिव्याच्या शेजारी वेगळ्या पट्टीत लावून घेईन. नवी मात्र घेऊ नका. तुमच्या कॉटखाली जुनी एखादी असेल, थंडीत हट्टाने अडून बसणारी, तीच हवी. अजिबात लागत नसेल, तर त्याहून उत्तम.